होडीच्या रांगेतली पिशवी

दुपारी साडेबाराला सिंगापूरच्या एका भल्यामोठ्या करमणूक उद्यानात होडीच्या खेळाची रांग थांबली. रांगेच्या मधोमध एक कापडी पिशवी होती. पिशवीमागे शंभरेक माणसं ताटकळत होती आणि पिशवीपुढे क्रिकेट खेळता येईल एवढी जागा मोकळी!

पिशवी नारायणगावच्या हौशीरामांची. ते स्वतः लांब झाडाखालच्या बाकावर, पत्नी चिमाबाईंच्या शेजारी निवांत बसले होते.

सबंध सहलीत चिमाबाईंचं एकच मागणं होतं. "मला त्या उंचावरनं पाण्यात आदळणाऱ्या होडीत बसायचंय. बाकीचं सिंगापूर तुमी बघा." पण त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. दोन तास रांगेत उभं राहणं जमणार नव्हतं. पाचला बस निघणार होती आणि पहाटे परतीचं विमान होतं.

"अगं, जागा धरायचं मला सांगती व्हय?" हौशीरामांनी छाती फुगवली होती. "नारायणगावच्या स्टँडवर जीप थांबायच्या आत खिडकीतनं टॉवेल टाकतो मी! आजवर कुणाची टाप न्हाई झाली हलवायची!"

"आवं, पण ही जीप न्हाई."

"माणसं सगळीकडं सारखीच!"

जीपमधली सीट जागची हलत नाही आणि रांग हलते, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नाही. गावाकडे मागच्याने पिशवी पायाने पुढे सरकवली असती आणि वर दोन शब्द सुनावले असते. इथली माणसं पडली शिस्तीची. पिशवी थांबली, तशी तीही थांबली!

शेवटी एक रखवालदार आला. तो पिशवीवर वाकला आणि पिशवी आरवली.

"कुकूच् कू!"

रखवालदार तीन हात मागे उडाला. आत हौशीरामांचा मोबाईल होता आणि गावाकडून मुलगा गोरख फोन करत होता. टोमॅटोला पाणी द्यायचं म्हणून "लाईट आली की कळव" असं त्याला बजावणारे हौशीरामच!

पिशवी पुन्हा आरवली. शिट्ट्या झाल्या, दोऱ्या बांधल्या गेल्या, होडी बंद झाली, माणसं पांगवली गेली. एक साहेब म्हणाला, आत स्फोटकं असतील. दुसरा म्हणाला, चोरून आणलेला कोंबडा असेल. तिसऱ्याला वाटलं, दोन्ही असतील.

हौशीराम धावत सुटले. "माय बॅग! माय बॅग!"

त्यांना पिशवी मिळाली नाही. दोन्ही बाजूंना एकेक रखवालदार मात्र मिळाला.

कार्यालयात डिंपल धापा टाकत पोचली. ही नारायणगावच्या कापडवाल्या शांतीलालांची सून. सहल तिनेच काढलेली.

"काका, पिशवी ठेवली कशाला?"

"नंबर लावला व्हता."

डिंपलने इंग्रजीत सांगितलं. साहेबाने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. साहेबाने हौशीरामांकडे बोट दाखवत तिला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय, पिशवी होडीत बसणार होती का?"

"त्याला म्हणावं, डोकं ठिकाणावर हाय का?"

"हे मी सांगत नाही, काका."

कुत्र्याने पिशवी हुंगल्यावर स्फोटकांची शंका फिटली होती; पण कोंबडा असलाच तर त्याला धरणारा माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाहून निघाला होता. तो आल्याशिवाय पिशवी उघडायची नाही, असा नियम. हौशीरामांना पिशवीचं काही वाटत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे चिमाबाईंचा चेहरा होता. बाईने जन्मात एक गोष्ट मागितली आणि आपण ती होडीच बंद पाडली!

"तिला म्हणावं, माझं चुकलं," ते हळूच म्हणाले. "लई आस लावून बसली व्हती."

"काकू होडीत आहेत, काका."

"आँ?"

"गर्दी हटवताना त्या लंगडताना दिसल्या. इथल्या लोकांनी चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि होडी चालू झाल्याबरोबर थेट आत नेलं. पाय दुखणाऱ्यांना इथे रांगच नसते. दारावर पाटी आहे, चित्रासकट."

हौशीरामांनी टोपी सारखी केली. "माझं काय इचारलं का तिनं?"

"विचारलं ना. म्हणाल्या, त्यांना तिकडंच बसवून ठेवा, घाई करू नका."

पावणेपाचला बसचं इंजिन सुरू झालं. कोंबडा धरणारा अजून वाटेत होता. चिमाबाईंची चौथी फेरी चालू होती आणि त्या उतरायला तयार नव्हत्या.