पावलांवरून ओळखा

रोज सकाळी मी दूध तापत ठेवतो, जेवणाच्या टेबलावरच्या आदल्या दिवशीच्या सोंगट्या आवरतो आणि स्वयंपाकघरातून चपलांची फटक-फटक ऐकू आली की क्षणभर दाराकडे पाहतो. चपला बायकोच्या असतात. आत पाय मात्र आईचे! ‘पडून पडून तुटतील,’ म्हणून तीच त्या घालते.

बायको दोन वर्षांपासून बदलीच्या गावी आहे. मी पार्ट्यांमध्ये खेळायचे खेळ तयार करतो.

“तिकडेही टेबलं असतात रे,” मला बोलावताना ती दर वेळी म्हणते.

“पण खेळ तपासून बघणारी माणसं इथे आहेत ना!” हे माझं ठरलेलं उत्तर.

परवा ती दोन दिवसांसाठी आली. संध्याकाळी शेजारी जमले आणि मी माझा नवा खेळ जाहीर केला: डोळे बांधायचे आणि पावलांवरून माणूस ओळखायचा. त्यासाठी गालिचा उचलला होता, बांगड्या उतरवायला लावल्या होत्या, खोकण्यावर बंदी होती. हा खेळ फसणं शक्यच नव्हतं!

“माझ्या बायकोचं पाऊल मी झोपेतही ओळखेन!” अशी गर्जना करून पहिली पट्टी मीच बांधून घेतली.

फटक-फटक! मी दोन्ही हात पसरून झेपावलो. “हीच ती! किती वाट पाहायला लावलीस गं, राणी!”

“अरे मेल्या, सोड! आई आहे मी तुझी!”

खोली हसून लोळली. बांगड्या उतरवून घेणाऱ्या मला चपला सुचल्याच नव्हत्या!

“पुन्हा!” मी ओरडलो.

आता टाचांची टकटक आली. भरभर, ठाम, थोडी दमलेली. “हे तर अगदीच सोपं! घरमालक! नळ तपासायला निघालेत!”

कोणी हसलं नाही. “मी इथे खुर्चीत आहे हो,” कोपऱ्यातून घरमालक हळूच म्हणाले.

मी पट्टी सोडली. समोर बायको उभी.

“घरमालक झाले होय मी?” ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. “रोज धावत बस गाठते रे. पाऊल बदलतंच.”

खेळ फसला तर खेळणाऱ्याला दोष द्यायचा नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. पण हा खेळ चोख होता. खेळणाराच कच्चा निघाला.

सकाळी मी दूध तापत ठेवलं. मग फासे, सोंगट्या आणि ती पट्टी एका डब्यात भरली. तिच्या बॅगेशेजारी तो डबा ठेवला आणि डब्याशेजारी माझी बॅग. तिने पाहिलं. आपली बॅग सरकवून माझ्या बॅगेला नीट जागा करून दिली.

“आई, तू...”

“वरच्या मजल्यावर तुझा धाकटा भाऊ आहे की! जा मुकाट्याने.”

रिक्षा सुरू होणार, इतक्यात मागून फटक-फटक धावत आली. या वेळी मी वळूनही न पाहता अचूक ओळखलं.

आई. आणि गॅसवर उतू गेलेलं दूध!