खैरनारअण्णांचं तेल

आमच्या घरी भजी झाली की तासाभरात खैरनारअण्णा दारात उभे. हातात स्टीलची बरणी. भजी पुढे केली तर एखादं उचलतात, पण नजर कढईवर. "तेल टाकू नका, भाऊसाहेब. गाळूही नका. आहे तसं द्या." तळणीचं उरलेलं तेल मागून नेणारा आमच्या सिडकोतल्या कॉलनीत हा एकच माणूस. नव्या भाडेकरूंना वाटतं, बिचाऱ्यांचे फार हाल असतील. एका बाईंनी तर त्यांना भाकरी-भाजी बांधून दिली. अण्णांनी ती आनंदानं खाल्ली आणि तेल मागायचं राहिलं म्हणून पुन्हा त्यांच्या दारात गेले.

त्यांच्या नाकाची दहशत आहे. बरणी हुंगून सांगणार, "शेंगदाणा. आधी पापड, मग पुऱ्या. भेसळ आहे, दुकान बदला." एकदा आमच्या हिनं वड्यांचं तेल म्हणून दिलं, तर म्हणाले, "वहिनी, यात बोंबील होते." माझी माळकरी आई शेजारीच बसली होती. तेव्हापासून ही अण्णांशी खोटं बोलत नाही.

हे तेल लागतं सुऱ्यांसाठी. अण्णा अंबडच्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटला होते. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात. यांनी मागच्या अंगणात भट्टी मांडली, जुन्या हेअर ड्रायरचा भाता केला आणि सुऱ्या घडवायला घेतल्या. पातं लाल करायचं आणि एकदम बुडवून थंड करायचं, म्हणजे ते कडक होतं, धार धरतं. लोहार याला पाणी पाजणं म्हणतात. पण बुडवायचं कशात, इथे अण्णांचं घोडं अडलेलं. पाण्यात पातं चांगलं कडक होतं, पण तडकू शकतं. तेलात सहसा तडकत नाही, पण काही पोलाद तेलाला दाद देत नाही, मऊच राहतं. "घाई म्हणजे तडा," हे अण्णांचं ठरलेलं वाक्य. पाणी घाई करतं, तेल दमानं घेतं, म्हणून अण्णा तेलाच्या पक्षाचे.

हे वाक्य ते कुठेही लावतात. चहा फुंकताना, रिक्षात बसताना, माझ्या मुलीला स्थळ आलं तेव्हासुद्धा. मुलगा पाहून गेल्यावर म्हणाले, "पाण्यातला आहे. धार आहे, पण पडला की दोन तुकडे." मी विचारलं, आणि मी कशातला? "तुम्ही तापताच कुठे, भाऊसाहेब?" हे ऐकून आमची ही जी हसली, ती अजून अधूनमधून हसते.

त्यांनी बुडवून बघितलं नाही असं काही उरलं नाही. मोहरीचं तेल झालं, मिठाचं पाणी झालं, गंगेवरून कॅन भरून आणलेलं पाणी झालं. एकदा गाडीचं जळकं ऑइल वापरलं, तेव्हा सगळ्या गल्लीची वाळत घातलेली धुणी काळी झाली आणि अण्णा घरोघर माफी मागत फिरले. माफी मागून झाली की तेल आहे का विचारायचे. वास्तविक ट्रकच्या कमानपाट्याच्या त्यांच्या सुऱ्या उत्तम व्हायच्या. त्या ते वाटून टाकायचे. त्यांचा जीव अडकला होता जुन्या विळ्यांत. भद्रकालीतल्या भंगारातून गंजलेली पाती शोधून आणायची, तापवायची, बुडवायची. त्यांतली काही पाण्यात टिंग करून तडकायची. काही तेलातून मऊच बाहेर यायची. तसल्या सुरीनं टोमॅटो कापायचा तर आधी टोमॅटोला विनंती करावी लागते.

मी हे सगळं हसण्यावारी नेत होतो. मग एकदा भट्टीजवळच्या खिळ्यावर टांगलेलं एक पातं मी सहज हातात घेतलं आणि अण्णा माझ्यावर खेकसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग स्वतःच ओशाळून म्हणाले, "हिच्या विळीचं आहे."

ही म्हणजे अण्णांची बायको, सिंधूताई. पाटावरची ती विळी त्यांच्या लग्नात सटाण्याहून आली होती. गणपतीच्या भंडाऱ्याला ताई त्या विळीवर कोबी चिरायला बसल्या की बाकीच्या बायका हातातलं काम ठेवून बघायच्या. मग गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खाली बसायला कायमची बंदी केली. अण्णांनी दुकानातून सुरी आणली. ताईंनी एक बटाटा चिरला आणि सुरी ठेवून दिली. मग घरी डबा सुरू झाला. ताई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून राहू लागल्या. टीव्ही बंद, तोंड बंद. कशा आहात विचारलं की माहेरच्या बोलीत "बरी शे," एवढंच.

अण्णांना ते बघवेना. ताई बहिणीकडे सटाण्याला गेल्या तेव्हा त्यांनी विळीचं पातं पाटातून उपटलं, तापवलं, ठोकलं आणि त्याची सुरी घडवली. म्हणजे लोखंड तेच, आणि उभं राहून चिरता येईल. मग धीर करून पातं तेलात बुडवलं. कानस लावून पाहिली तर कानशीखाली लोखंड मऊच निघालं. "तेलाचा उपयोग नाही त्याला," अण्णा म्हणाले. "पाणीच पाहिजे. आणि पाण्यात तडकलं तर तिचं दुसरं कुठून आणू?" भंगारातल्या विळ्यांवर चाललेली तालीम कशासाठी, ते मला तेव्हा कळलं.

संक्रांतीनंतर एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. आज पाण्यात घालतो म्हणाले, सोबतीला थांबा. ताई मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पातं लाल झालं. अण्णांनी ते चिमट्यात धरून बादलीवर आणलं आणि हात तिथेच थांबला. लाली उतरून पातं काळं पडलं, तसं परत भट्टीत. पुन्हा लाल, पुन्हा बादलीपर्यंत, पुन्हा माघारी. असं किती वेळा झालं कोण जाणे. दर तापवण्याला पातं थोडं झिजतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. शेवटी त्यांनी ते खिळ्यावर टांगलं. "पाणी फार गार आहे आज. घाई म्हणजे तडा," म्हणाले आणि हात धुवायला आत गेले.

ताई माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "भाऊसाहेब, विळी पाटासकट ओट्यावर ठेवली असती, तर मी उभ्यानं चिरलं असतं. माझ्या बहिणीनं तसंच करून घेतलंय. तेच यांना सांगायचं म्हणून मी लगबगीनं सटाण्याहून आले. बघते तर पाट रिकामा."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"दार उघडलं तेव्हा हे हातात ती सुरी घेऊन उभे होते. मी यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. काय बोलणार? तुम्हीपण सांगू नका. खचतील ते."

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. पातं कडक होत नाही, गुडघे वाकत नाहीत आणि खरं बोलायची सोय नाही. यात शेजाऱ्यानं करायचं काय, ते मला आजही कळलेलं नाही.

दोन दिवसांनी अण्णा बरणी घेऊन दारात. भजी नव्हती, काहीच तळलं नव्हतं. शिवाय त्या पात्याला तेलाचा उपयोग नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मी काही बोलायच्या आत ही स्वयंपाकघरात गेली, तेलाची नवी पिशवी फोडली आणि बरणी भरून आणली.

"कालच्या पुऱ्यांचं आहे, अण्णा," ती म्हणाली.

अण्णांनी बरणी नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग झाकण लावलं.

"हो. पुऱ्यांचंच आहे," म्हणाले, आणि गेले.