गच्चीवरचं पाणी कोणी पळवलं?

नजर घारीची, कान सशाचे आणि मेंदू... मेंदूबद्दल स्वतः बोलणं बरं दिसत नाही. पण माझी बायको हेमावती बोलत नाही, म्हणून मलाच बोलावं लागतं. ओरगडमच्या कारखान्यात मी नव्या गाड्यांवर पाणी मारून गळती शोधायचो. निवृत्त झाल्यापासून तीच विद्या गुन्हेगारांवर वापरतो. अख्ख्या अंबत्तूरमध्ये माझ्या हातून आजवर एकही गुन्हेगार निसटलेला नाही. सापडलेलाही नाही, पण तो मुद्दा वेगळा.

परवाचं प्रकरण आमच्या डोक्यावरच घडलं. आम्ही भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर राहतो. गेल्या पावसात छत असं गळलं, की पलंग घरभर फिरवून झाला. घरमालकीण अन्नपूर्णाबाईंनी अखेर गच्चीच्या जुन्या फरश्या उखडून नवा थर दिला, नव्या फरश्या बसवल्या आणि मैलापूरहून मला फोन केला.

"गिरीधरराव, गच्चीत पाणी कोंडून दोन दिवस ठेवा. टिकलं तर छत पक्कं. नाही टिकलं तर खालचा स्लॅबच गेलाय. पाडून नवीन घालायचा, म्हणजे दोन महिने घर रिकामं करावं लागेल. आणि हो, घरातल्या-दारातल्या सगळ्यांना सांगून ठेवा."

दोन महिने! आणि पुढच्याच आठवड्यात आमची नंदिता पहिल्या बाळंतपणाला होसूरहून यायची होती. पोरीने जायचं कुठे? हेमावतीला उगाच घोर नको, म्हणून तिला काही बोललो नाही. बाकीच्यांनाही सांगितलं नाही. इतकं नाजूक काम जगजाहीर करायला मी काय बावळट आहे?

संध्याकाळी हेमावती देवळात गेल्यावर मी पाणी जायच्या भोकात गोणपाटाचा बोळा कोंबला आणि पंप लावून गच्ची भरली. सकाळी आरामात उठून पाहतो तर गच्ची ठणठणीत! बोळा कोपऱ्यात पडलेला. मी पुन्हा भरली. दुसऱ्या सकाळीही तेच.

"भिंतीत मुरत असणार," अन्नपूर्णाबाई फोनवर म्हणाल्या. "सोमवारी पाडायला माणसं पाठवते."

"बाई, ही गळती नव्हे, चोरी आहे!"

"पाण्याची?"

"चेन्नईत दुसरं काय चोरणार?"

आधी मी कावळ्यांवर संशय घेतला. बोळा उपटायचा म्हणजे चोच लागते. पण अर्धा तास पाळत ठेवूनही एकाही कावळ्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा दिसला नाही. मग लक्षात आलं, की गच्चीचा पाइप खाली उतरतो तो थेट खालच्या मजल्यावरच्या श्रीवत्सच्या गाडीपाशी.

"तुमची गाडी एवढी चकाकते कशी?" मी त्याला अचानक गाठलं.

"नवीन आहे, मामा."

उत्तर तयार ठेवलं होतं लबाडाने!

इतक्यात हेमावती काहीतरी तक्रार घेऊन आली. "अहो, गच्चीवर ना—"

"घरगुती कटकटी नंतर," मी म्हणालो. विचारांची साखळी तुटली की जोडायला मला फार वेळ लागतो.

तिसऱ्या संध्याकाळी मी सापळा लावला. पाण्यात हळदीचा अख्खा डबा ओतला. चोर पाण्यात उतरणार, त्याचे पाय पिवळे होणार आणि सोमवारच्या आत तो माझ्या पाया पडणार!

सकाळी गच्ची रिकामी. मी धावत खाली गेलो. श्रीवत्स कंपनीच्या बससाठी निघाला होता.

"मोजे काढा!"

"मामा, श्रीपेरुंबुदूरची बस चुकेल माझी!"

"गुन्हेगाराला नेहमीच घाई असते."

त्याने रागारागाने मोजे काढले. पाय दुधासारखे पांढरे. बस गेलीच. मग तो "मामींनाच सांगतो तुमचं" म्हणत माझ्यामागे तरातरा वर आला. हेमावतीने दार उघडलं. तिचे पाय घोट्यापर्यंत पिवळे होते. कुठे हळदीकुंकवाला जाऊन आली असेल, असं मी मनाशी म्हटलं.

"मामी, पाय कशाने पिवळे झाले?" श्रीवत्सने विचारलं.

"अय्यो, काय सांगू तुला! तीन दिवस झाले, पहाटे वडाम-पापड्या वाळत घालायला वर जाते, तर गच्चीभर पाणी! कोण मेला भोकात बोळा कोंबतो कोण जाणे. मी रोज उपटून टाकते. आज तर त्याने हळद कालवली! करणी-बिरणी करतोय की काय? आणि माझा हळदीचा डबाही सापडत नाही."

श्रीवत्सने माझ्याकडे पाहिलं. हेमावतीनेही पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"तुम्ही?"

"तपास गुप्त ठेवावा लागतो," मी म्हणालो. मग सोमवारचं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्या पोरीची खोली मीच मोडायला निघाले होते? मला एका शब्दाने सांगता आलं नाही तुम्हाला?" तिचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. तिने डोळे पुसले आणि फोन उचलला.

"अन्नपूर्णाबाई, बोळा मी काढत होते. ह्यांनी मला सांगितलंच नव्हतं."

पलीकडून स्पष्ट ऐकू आलं, "ह्यांनी होय? मग बरोबर आहे. माणसांना नको म्हणून सांगते. पुन्हा भरा, आणि ह्या वेळी तुम्ही लक्ष ठेवा."

एक प्रश्न नाही, पुरावा नाही! इतक्या झटपट पटलेलं स्पष्टीकरण मी उभ्या आयुष्यात ऐकलेलं नाही. त्या "बरोबर आहे"ने मी दिवसभर जेवलो नाही. संध्याकाळी जेवलो.

वडाम श्रीवत्सच्या गॅलरीत वाळले. पाणी दोन दिवस बोटभरही उतरलं नाही, खाली छत कोरडं.

नंदिता आली. प्रवासाने पार शिणली होती, आल्या आल्या पलंगावर आडवी झाली आणि वर बघून म्हणाली, "अप्पा, छान झालं हो छत."

मी घसा साफ केला, खुर्ची पुढे ओढली आणि ह्या प्रकरणातली माझी कामगिरी सांगायला सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला तिला गाढ झोप लागली. उरलेली हकीकत हेमावतीला सांगावी म्हणून वळलो, तर तिने ओठांवर बोट ठेवलं. मग आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो, आणि मी चक्क गप्प होतो.