चौथ्या मजल्यावरचा फितूर

“या कैरो शहरात दोनच जातीची माणसं आहेत. एक, ज्यांनी काहीतरी लपवलंय. आणि दुसरा मी, ज्याच्यापासून काही लपत नाही. नजर घारीची, कान सशाचे, आणि मेंदूबद्दल मी स्वतःच्या तोंडानं बोलणं बरं दिसत नाही.”

हे बोल उस्ताद बहगत यांचे. ते त्यांनी सुंदर अक्षरात लिहवून घेऊन, चौकट करून, शुब्रा मोहल्ल्यातल्या आमच्या दुकानात टांगलेत. त्याच्या खाली लहान अक्षरात ‘रेडिओ व हेडफोन दुरुस्त करून मिळतील’ असं आहे. दुरुस्त मी करतो. माझं नाव रिफत. माझी थोरली बहीण उस्तादांच्या घरात दिली आहे, त्यामुळे मला हे दुकान सोडता येत नाही.

आजवर उस्तादांनी तपासाची एकतीस प्रकरणं हाताळली. तीस सुटली, म्हणजे ज्यांची होती ते कंटाळून परत घेऊन गेले. एकतिसावं हे वगदीचं.

वगदी पंचविशीतला, गल्लीच्या तोंडाशी औषधाच्या दुकानात कामाला, आईबरोबर चौथ्या मजल्यावर राहतो. एका बुधवारी सकाळी आला तो गळ्यात हेडफोन अडकवून आणि तोंड पाडून.

“उस्ताद, माझ्या टोळीत फितूर आहे.”

उस्तादांनी चहाचा पेला खाली ठेवला. असलं वाक्य कानावर पडावं म्हणून ते अकरा वर्षं थांबले होते.

प्रकरण असं. दर शुक्रवारी जेवणं उरकली की चार वाजता वगदी आणि त्याचे तीन दोस्त आपापल्या घरून कॉम्प्युटरवर लढाईचा गेम खेळतात. एक पडकं गाव आहे. त्यात विहीर, कोठार, मागची भिंत. चार आपले, चार शत्रूचे. शत्रूचा म्होरक्या शुक्री, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. मोहल्ल्याची स्पर्धा चाललेली.

“महिन्यापूर्वीपर्यंत आम्ही सगळ्यांना धूळ चारत होतो,” वगदी म्हणाला. “आता मी कोठारामागून निघायचा अवकाश, की शुक्री तिथून पसार. मी भिंतीवर चढलो, की हा भिंतीकडे बंदूक रोखून बसलेला. चार शुक्रवार हेच!”

“बेत कोणाकोणाला ठाऊक असतो?”

वगदीनं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. मग खाली बघून म्हणाला, “मला आणि तादरसला. बाकीचे दोघं ऐन वेळी सांगेन तसं करतात.”

तादरस त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. शाळेत दोघं एका बाकावर, आणि फूलच्या, म्हणजे घेवड्याच्या उसळीच्या, एकाच पावाला दोघांचे दात. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी शेवटचा सामना होता, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी तादरस फौजेत भरती व्हायला जाणार होता.

“उस्ताद, सामना गेला खड्ड्यात. त्याला पोचवायला स्टेशनवर जाऊ, की त्याचं तोंडही बघू नको, एवढंच मला कळू दे,” वगदी म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

मी नाक शिंकरलं. उस्तादांनी मात्र भिंग काढलं आणि हेडफोन तपासायला घेतले. हे हेडफोन त्यांनीच महिन्यापूर्वी वगदीच्या गळ्यात मारले होते. त्याआधी वगदीकडे उघडे हेडफोन होते, पाठीला जाळी असलेले. त्यात आवाज मोकळा येतो आणि खोलीतलंही ऐकू येतं, पण आतला आवाजही थोडा बाहेर झिरपतो. तेवढ्यावरून उस्तादांनी ‘यातून शत्रूला सगळं ऐकू जातं’ असा धाक घातला आणि बंद हेडफोन दिले. बंद म्हणजे डबाच. बाहेरचं आत नाही, आतलं बाहेर नाही. जुने जाळीचे बदल्यात ठेवून घेतले. त्यावर मी काम करता करता रेडिओ ऐकतो.

उस्तादांनी बंद हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवले आणि डोळे मिटले.

“रिफत!” ते गरजले. “मला काहीच ऐकू येत नाही!”

समोरचा उसाचा रसवाला यंत्र बंद करून धावत आला. “कोण गेलं?” त्यानं हळूच मला विचारलं. मी म्हटलं, अजून कोणी नाही.

“गळती आहे!” उस्तादांनी निकाल दिला. “आत काही उरलंच नाही, म्हणजे सगळं बाहेर गेलं. डबा पुरता बंद नाही.” मग त्यांनी मला दोन्ही बाजूंना कापूस ठासायला आणि वर चामडं शिवायला लावलं. वगदीनं ते घालून पाहिले. मी त्याच्या कानाशी पक्कड वाजवली, तरी त्याची पापणी हलली नाही. तो समाधानानं गेला.

शुक्रवारी तो याआधी कधी हरला नव्हता इतका हरला.

शनिवारी उस्ताद चौकशीला त्याच्या घरी गेले, मागे पिशवी धरून मी. वगदी कामावर होता. त्याची आई स्वयंपाकघरात मोलोखियाची भाजी निवडत बसली होती.

“बाई,” उस्तादांनी एकदम विचारलं, “आपण कोणत्या देशासाठी काम करता?”

“मी कुठली काम करतेय? घरचंच उरकत नाही,” ती म्हणाली.

उस्तादांनी वहीत लिहिलं : ‘उत्तर टाळलं.’ इतक्यात त्यांची नजर टेबलावरच्या ताटलीवर गेली. रव्याचा बसबूसा, वर बदाम.

“हे कुठून आलं?”

“खालच्या इन्शिराहनं दिलंय. महिनाभर दर शनिवारी पाठवते बिचारी, खास वगदीसाठी. ताटली रिकामी परत करायची नाही, म्हणून मला तिच्याकडे काहीतरी करून पाठवावं लागतं. आता सुचेनासं झालंय हो, काय पाठवू?”

उस्तादांचे डोळे चमकले. यात बोटं मंदावण्याचं औषध असणार! खात्री करण्यासाठी त्यांनी ताटली एकट्यानं संपवली. दुपारी दुकानात येऊन ते दोन तास घोरले. उठल्यावर म्हणाले, “सिद्ध झालं.”

“उस्ताद, दुपारी तुम्ही रोजच झोपता,” मी म्हटलं.

“रोज कोण मला औषध देतंय ते नंतर शोधू,” ते म्हणाले.

पण रविवारी बसबूसा मागे पडला, कारण वगदीकडून नवी माहिती कळली. खेळताना तादरस कलिंगडाच्या भाजलेल्या बिया खातो आणि त्या फोडल्याचा आवाज माइकवरून सगळ्यांना ऐकू येतो.

“सांकेतिक भाषा!” उस्ताद उठून उभेच राहिले. “एक बी म्हणजे विहीर. दोन म्हणजे कोठार.”

“आणि मूठभर खाल्ल्या तर?”

“मग सबंध नकाशा, रिफत!”

मला हसू आलं. वगदीला मात्र आलं नाही. बुडत्या माणसाला काहीही पटतं. त्यानं तिथल्या तिथे तादरसला फोनवर निरोप धाडला, ‘शुक्रवारी तुझ्याऐवजी दुसरा खेळेल. का ते तुला माहीत आहे.’

सोमवारी तादरस दुकानात आला. चांगला दणकट गडी, पण दारात अंग चोरून उभा राहिला.

“उस्ताद, मी फितूर आहे असं तुम्ही सांगितलंत?”

“पुरावा आहे. बिया,” उस्ताद म्हणाले.

 तादरसनं खिशातून बियांचं पुडकं काढून माझ्यासमोर ठेवलं. “चौदा वर्षं त्याच्यासमोर खातोय. आधी सांगितलं असतं तर शेंगदाणे खाल्ले असते.” एवढं बोलून तो गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला हाक मारायला हवी होती, ती मी मारली नाही. ते पुडकं मी खिशात ठेवलं.

शुक्रवार उजाडला. ‘गुन्हेगार शेवटच्या सामन्यात चूक करणारच’ असं म्हणून उस्ताद साडेतीनलाच वगदीच्या खोलीतल्या कपड्यांच्या कपाटात शिरले. मी गळ्यात जाळीचे हेडफोन तसेच घेऊन आलो होतो, रेडिओवर फुटबॉलचा सामना होता म्हणून. कपाटात मला जागा नव्हती, तेव्हा मी स्वयंपाकघरात वगदीच्या आईजवळ बसलो. ती द्राक्षाच्या पानांत भात भरत होती आणि अधूनमधून मला एखादं गरम पान देत होती. तपासाची ही पद्धत मला आवडली.

आता आमच्याकडच्या जुन्या इमारतीत मधोमध मनवर असतो, म्हणजे खालपासून गच्चीपर्यंत गेलेली उजेडाची उभी पोकळी. सगळ्यांची स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं त्यातच उघडतात. खालच्या मजल्यावर कांदा परतला तर वरच्या मजल्यावर डोळ्यांना पाणी येतं. वगदीच्या खोलीचीही एक खिडकी त्यातच आहे, नेमकी कॉम्प्युटरच्या डोक्यावर.

चार वाजले. पलीकडून वगदीचा आवाज आला. आवाज कसला, बोंबच.

“शुक्री विहिरीपाशी आहे! तुम्ही पुढून अडवा, मी मागच्या भिंतीवरून जातो! आज त्याला जिवंत सोडायचा नाही!”

भिंती हादरल्या. आणि पुढच्या क्षणी खालच्या खिडकीतून, मनवरातून, एका बाईचा रडवेला आवाज वर आला.

“हॅलो, शुक्री? अरे बाळा, विहिरीपासून हल! तो मागच्या भिंतीवरून येतोय! पळ माझ्या सोन्या!”

माझ्या हातातलं पान खाली पडलं.

“वहिनी, हे कोण बोलतंय?”

“इन्शिराह. शुक्री तिच्या बहिणीचा मुलगा,” वगदीची आई भात भरता भरता म्हणाली. “दर शुक्रवारी असाच फोन करते. पोरगा कुठल्याशा मारामारीत अडकलाय वाटतं. लोकांच्या घरच्या भानगडीत आपण कशाला नाक खुपसायचं?”

“तुम्हाला महिनाभर ठाऊक होतं? मग सांगितलं का नाही?”

“मला कोणी विचारलं? तुमच्या उस्तादांनी विचारलं ते मी कोणत्या देशासाठी काम करते म्हणून!”

मी खोलीत धावलो. वगदीला हाका मारल्या, खांदा हलवला. शेवटी हेडफोन ओढून काढले. तेवढ्यात दार वाजलं आणि इन्शिराहबाई आत आल्या. हातात बसबूशाची ताटली, डोळ्यांत धारा.

“वगदी, बाबा रे, माझ्या शुक्रीनं तुझं काय घोडं मारलंय? दर शुक्रवारी त्याच्या जिवावर उठतोस! महिना झाला, तुला गोड खाऊ घालतेय, तरी तुझं मन विरघळत नाही!”

“मावशी, हा गेम आहे!” वगदी किंचाळला आणि त्यानं पडद्याकडे बोट केलं. तिथे शुक्रीचा शिपाई विहिरीपासून दूर, कोठाराच्या छपरावर आरामात बसला होता.

इन्शिराहबाई पडद्याजवळ गेल्या. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

“म्हणजे हा घरीच आहे?”

“घरीच, खुर्चीत!”

“आणि मेला मला म्हणतो, मावशी, तू सांगत राहा, तुझ्यामुळेच मी जिवंत आहे!” त्यांनी ताटली वगदीच्या हातात कोंबली. “थांब, त्याच्याकडे मी बघते. महिनाभर माझा रक्तदाब वाढलाय!”

कपाटाचं दार उघडलं. उस्ताद बाहेर आले, खांद्यावर वगदीच्या आईची ओढणी. “मी म्हणतच होतो,” ते म्हणाले, “यामागे बसबूसा आहे.”

“पण मावशी, तुम्हाला माझं बोलणं ऐकू कसं गेलं?” वगदीनं विचारलं. “मी तर हळू बोलतो.”

“हळू?” दारातून त्याची आई म्हणाली. “पूर्वी ते जाळीचे होते तेव्हा बोलायचास हळू. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यायचा तुला. हे डबे कानाला लावल्यापासून बोंबलतोस नुसता. गेल्या आठवड्यात कापूस घातल्यापासून तर गच्चीवरची कबुतरंही बसत नाहीत. कोणी दिले रे हे तुला?”

 सगळे उस्तादांकडे बघू लागले. उस्तादांनी आमच्यावर एक गंभीर नजर टाकली, मागे वळले, कपाटात शिरले आणि आतून दार ओढून घेतलं.

वगदी मटकन खाली बसला. “म्हणजे फितूर मीच,” तो म्हणाला. “आणि मी तादरसला...”  मग तो उठला, तादरसला फोन लावला. दुसऱ्यांदा लावला. तादरसनं उचलला नाही. तेव्हा तो कॉम्प्युटरच्या डोक्यावरच्या त्या खिडकीत चढला, अर्धा मनवरात वाकला आणि फुप्फुसं फाटतील असा ओरडला.

“तादरस! चुकलो! गाढव आहे मी! फितूर मीच होतो, तू नव्हतास! वर ये!”

मनवरात सगळ्या मजल्यांवर खिडक्या उघडल्याचे आवाज झाले. कोणाच्या तरी शेगडीवर तेल चरचरत होतं, तेवढंच. मग दुसऱ्या मजल्यावरून जड आवाज आला.

“हेडफोन घालून बोलतोयस की काढून?”

“काढून!”

“मग एवढा बोंबलतोस कशाला?”

वगदीचा आवाज एकदम खाली आला. “तुला ऐकू यावं म्हणून,” तो म्हणाला. हे तो इतकं हळू म्हणाला, की मला शेजारी उभं राहूनही जेमतेम कळलं. पण मनवर तो मनवर. खाली एक खिडकी बंद झाली आणि जिन्यावर पावलं वाजली.

मी गळ्यातले जाळीचे हेडफोन काढून वगदीच्या कानांवर चढवले. तादरस दारात येऊन उभा राहिला.  माफीबिफी काही नाही, वगदीनं पायानं दुसरी खुर्ची ओढली आणि तादरस येऊन धपकन बसला.

मग त्यानं माझ्यापुढे हात पसरला. “रिफतभाई, माझं पुडकं?”

मी खिशातून काढून दिलं. सोमवारपासून जपलं होतं, एकही बी खाल्ली नव्हती. बरं, दोन खाल्ल्या होत्या.