वरच्या मजल्यावरची पुढची सीट

चैत्रातल्या एका सकाळी, चहाची बशी खाली ठेवता ठेवता, हरिचंदभाऊंनी ट्रॉलीवर मजला चढवायचं ठरवलं. निर्णय एवढासाच होता. त्यासाठी त्यांनी मुहूर्त पाहिला नाही आणि बायकोलाही विचारलं नाही. (विचारलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि वर्षभराच्या कुरडया वाचल्या असत्या.)

हरिचंदभाऊंनी मुंबईत एकोणतीस वर्षं डबलडेकर बस चालवली. बायको-लेकरं इकडं हिंगोलीजवळच्या गोरेगावात, हरिचंदभाऊ तिकडं मुंबईत, असा संसार झाला. रिटायर होऊन ते गावी आले, तीन एकर शेती आणि हळद वाहायला एक जुना ट्रॅक्टर-ट्रॉली एवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं. गाव त्यांना 'डायवर' म्हणायचं. पुढं जुन्या डबलडेकर कायमच्या बंद झाल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी दोन दिवस दाढी केली नाही. तिसऱ्या दिवशी हॉटेलात बसून त्यांनी त्या गाडीचे गुण सांगायला सुरुवात केली, ते अजून सांगत आहेत.

गाडीचे गुण तसे खोटे नव्हते. एका बसएवढ्या जागेत दोन बसची माणसं. इंजिन, चासी, सगळा लोखंडी भार खाली. वरचा मजला हलक्या पत्र्याचा. म्हणून एवढी उंच गाडी वळणावर झुलायची, पण पडायची नाही. आणि नवी गाडी रस्त्यावर आणण्याआधी तिची परीक्षा व्हायची. वरच्या मजल्यावर माणसांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवायच्या, खालचा मजला रिकामा, आणि गाडी एका अंगाला अठ्ठावीस अंश कलती करायची. पडली तर नापास. "अठ्ठावीस," हरिचंदभाऊ हॉटेलात बोट वर करून सांगायचे. "माणूस सुद्धा इतका कलला तर उभा राहत न्हाई." समोरचा माणूस मान डोलवायचा आणि पेपर उघडायचा.

या तत्त्वाचा पहिला फटका आशाबाईंच्या स्वयंपाकघराला बसला. जड ते खाली, हलकं ते वर, या नियमानं हरिचंदभाऊंनी एका दुपारी सगळं फडताळ लावून दिलं. कुकर, पाटा, तेलाचा डबा जमिनीलगत. पापड आणि चहाची पूड आढ्याला. फडताळ आता भूकंपातही पडलं नसतं. पण आशाबाईंचे गुडघे गेलेले होते. त्यांना कुकर घ्यायला भुईपर्यंत वाकावं लागायचं आणि चहा करायला स्टुलावर चढावं लागायचं. त्यांनी चार दिवस चहा केला नाही, पाचव्या दिवशी फडताळ मुकाट्यानं पहिल्यासारखं झालं.

त्याच गुडघ्यांपायी ट्रॉलीची गोष्ट निघाली. हिंगोलीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतर जिने चढायचे नाहीत. हे ऐकून हरिचंदभाऊंनी बोटांवर वर्षं मोजली. कारण लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्यांनी आशाबाईंना शब्द दिला होता. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर बसवून तुला मुंबई दाखवतो. त्या एकदाच मुंबईला आल्या होत्या, आठ दिवस, आपल्या भावाकडं, विजयकुमारकडं. पण तेव्हा ह्यांची रोज डबल ड्युटी. मग पुढल्या खेपेला, मग स्वप्निलची परीक्षा, मग प्रियंकाचं लग्न, आणि मग गाड्याच बंद. आता जिनेही बंद होणार. शब्द राहिला तर तो कायमचा राहणार होता, आणि हे हरिचंदभाऊंना सहन होईना.

म्हणून त्यांनी खाजा मियांना गाठलं. खाजा मिया गावातले वेल्डर. खिडक्यांच्या जाळ्या, जीपचे कॅरियर हे त्यांचं काम.

"ट्रॉलीवर मजला पाहिजे," हरिचंदभाऊ म्हणाले. "वर एक सीट. मागून जिना, नऊ पायऱ्या, वळणाचा."

"कडबा ठेवायला का?"

"आशाबाईला ठेवायला."

खाजा मियांनी चष्मा काढून पुसला. "भाभीला तकलीफ न्हाई का गुडघ्याची?"

"म्हणून तर पायऱ्या बुटक्या करायच्या. आन् भार सगळा खाली ठेवायचा, वर हलके पाइप. पाटलाच्या लग्नातला मंडप न्हाई हा, डबलडेकर हाय."

बारा दिवसांत मजला उभा राहिला. वर जायला जिना होता, कमरेइतका कठडा होता, आणि खाजा मियांनी हिंगोलीच्या भंगारातून एक सीटही आणली. ती एसटीची होती, डबलडेकरची नव्हती, पण हरिचंदभाऊंनी ते मोठ्या मनानं पोटात घातलं. आशाबाई येता-जाता हे बघत होत्या. त्यांनी एकदाच विचारलं, "हे काहून चाललं?" हरिचंदभाऊ म्हणाले, "तुझ्यासाठीच." त्यावर त्या कुरडयांचा गहू भिजत घालायला निघून गेल्या.

आता साधा माणूस असता तर त्यानं बायकोला वर बसवलं असतं आणि विषय संपवला असता. पण परीक्षा न घेता गाडीत माणूस बसवणं हरिचंदभाऊंच्या रक्तात नव्हतं. वाळू मिळाली नाही, म्हणून त्यांनी घरातला सहा गोण्या गहू वर चढवला. ट्रॉलीच्या एका अंगाला जॅक लावला. कोन मोजायला स्वप्निलच्या शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक काढला, त्याला दोरा बांधला आणि दोऱ्याला नट लटकवला.

"गोण्या बांधून घेऊ का, भाऊ?" खाजा मियांनी विचारलं.

हरिचंदभाऊंनी त्यांच्याकडं दुःखानं पाहिलं. "खाजाभाई, प्रवाशांना कोणी बांधतं का?"

खाजा मिया जॅक चढवू लागले. मधून मधून खाली ओंडके सरकवायचे आणि पुन्हा जॅक. पंधरा अंशाला कोंबड्या लांब झाल्या. वीस अंशाला शेजारचा माऊली कुंपणावर हात टेकून उभा राहिला. हरिचंदभाऊ कोनमापक धरून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. सव्वीस. सत्तावीस. मग दोरा अठ्ठावीसच्या रेघेवर आला आणि थांबला. ट्रॉली उभी होती. वर सहा प्रवासी, खाली कोणी नाही, आणि गाडी उभी होती. हरिचंदभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच वेळी पहिला प्रवासी उतरला. (स्टॉप नसताना.) गोणी कठड्याच्या पाइपांखालून घसरली आणि खालच्या बाजेवर आदळून फुटली. तिच्या मागून दुसरी, मग तिसरी, अशा सहाही गोण्या रांगेनं आल्या. त्या अंगाला चार बाजा होत्या आणि बाजांवर धोतरं अंथरून आशाबाईंनी वर्षभराच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. तीन दिवस भिजवून, वाटून, चीक शिजवून, दुखऱ्या गुडघ्यांवर उभं राहून सोऱ्यानं घातलेल्या. गव्हाच्या कुरडया गव्हाखालीच गेल्या. लांब गेलेल्या कोंबड्या जवळ आल्या.

आवाज ऐकून आशाबाई दारात आल्या. त्यांनी बाजांकडं पाहिलं, मग कलत्या ट्रॉलीकडं, मग नवऱ्याकडं.

"गाडी पडली न्हाई," हरिचंदभाऊ म्हणाले.

"व्हय," आशाबाई म्हणाल्या. "गाडीला काही झालं न्हाई."

एवढं बोलून त्या आत गेल्या. खाजा मियांना एकाएकी दुकानाला कुलूप लावायचं राहिल्याचं आठवलं. माऊली कुंपणापासून कधी सरकला ते कळलंच नाही.

पुढचे तीन दिवस हरिचंदभाऊ चाळणी घेऊन अंगणात बसले होते. गहू एकीकडं, कुरडयांचा चुरा एकीकडं, माती एकीकडं. आशाबाई दोन्ही वेळ जेवायला वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. चाळता चाळता हरिचंदभाऊंना आपलीच लाज वाटायला लागली. शब्द पाळायला निघालो आणि बायकोच्या इतक्या दिवसांच्या मेहनतीचा भुगा केला. इतकी वर्षं ती इथं एकटीनं राबली, आपण तिकडं, आणि परत येऊन आपण तिला दिलं काय, तर हे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खाजा मियांना निरोप धाडला की मजला काढून न्या.

त्या संध्याकाळी आशाबाई भांडी आवरून बाहेर आल्या. ट्रॉली आता चारी चाकांवर सरळ उभी होती.

"जिना मजबूत हाय का?" त्यांनी विचारलं.

हरिचंदभाऊ चाळणी टाकून उठले. आशाबाईंनी पदर खोचला आणि कठडा धरून एकेक पायरी चढायला लागल्या. दर पायरीला थांबायच्या. हरिचंदभाऊ मागं दोन्ही हात पसरून, कंडक्टरसारखे. नवव्या पायरीनंतर त्या वर पोचल्या, सीटवर बसल्या आणि गुडघे चोळत समोर बघू लागल्या. माऊलीच्या पत्र्यापलीकडं शेतं दिसत होती, सेनगावचा रस्ता दिसत होता, त्यावर एक जीप खच्चून भरून चालली होती.

"थांब, किल्ली आणतो," हरिचंदभाऊ म्हणाले. "रस्त्यानं एक चक्कर मारू. गाडी चालत असली म्हणजे मजा."

"चालू करू नका. इथं या."

"मी वर? आन् चालवणार कोण?"

"कोणी नको. बसा."

हरिचंदभाऊ अवघडून बसले. ड्रायव्हरनं वर बसायचं ही कल्पनाच त्यांना चमत्कारिक वाटत होती. मग त्यांच्या तोंडून एक गोष्ट निघाली, जी त्यांनी हॉटेलात कधी सांगितली नव्हती. "खरं सांगू का? चालत्या गाडीत मी कधी वर बसलोच न्हाई. मी खाली, केबिनमधी. वरून कसं दिसते ते कंडक्टर सांगायचे, तेच मी सांगत आलो."

"मला माहीत हाय."

"तुला कसं माहीत?"

"तुमी म्हणता समुद्र दिसते. समुद्र न्हाई दिसत," आशाबाई म्हणाल्या. "झाडाच्या फांद्या काचेवर घासतात. आन् वळणावर असं वाटते की आता समोरच्या बिल्डिंगीत शिरतो. पहिल्या मजल्यावर एक माणूस दाढी करून राहिला होता. त्याचा आरसा सुद्धा दिसला."

हरिचंदभाऊ सीटवरून अर्धे उठले.

"स्वप्निल सव्वा वर्षाचा होता," आशाबाई सांगू लागल्या. "तुमची डबल ड्युटी. विजयकुमार म्हणला, ताई, भाऊजीचीच गाडी येऊन राहिली, चल. तुमी पुढं, आमी मागून चढलो. वरची पुढची सीट रिकामी होती. शेवटल्या स्टॉपपर्यंत बसले मी."

"आन् मला सांगितलं काहून न्हाई?"

"त्याच राती तुमी घरी आले आन् म्हणले, पुढल्या खेपेला तुला वर बसवतो. इतक्या खुशीनं म्हणले. मंग दर वर्षी म्हणत राहिले. माझ्यानं तुमचं मन मोडवलं न्हाई."

हरिचंदभाऊंनी तीस-पस्तीस वर्षं ज्या गोष्टीचं ओझं वाहिलं, ती होऊन गेली होती, आणि तीही त्यांच्याच गाडीत. त्यांनी आशाबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग मन भरून आल्यावर माणसाला जे विचारू नये तेच सुचतं, तसं त्यांनी विचारलं, "मंग, गाडी कशी चालवली मी?"

खोटं बोलायची आशाबाईंना सवय नव्हती.

"शेजारी एक बाई होती. ब्रेक लागला तसं तिचं डोकं दांडीवर आदळलं. म्हणली, डायवर नवा दिसते. मी आपली वाकून खाली केबिनीकडं बघून राहिले होते, तर मला म्हणली, काय हो, तुमच्या वळखीचा हाय का?"

"मंग तू काय म्हणली?"

आशाबाईंनी पदर सारखा केला.

"म्हणलं, न्हाई बाई. आमी गावाकडचे. इथं आमच्या वळखीचं कोणी न्हाई."