कलमात बसत नाही

इनामदारसाहेबांच्या गाडीतून आजवर भाजीची एक जुडी घरी आलेली नाही. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत त्यांची जुनी, दुधी रंगाची गाडी लखलखत उभी असते, आणि तिच्या शेजारून साहेब दोन हातांत दोन पिशव्या घेऊन घामाघूम होत चालत येतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, गाडी काय शोभेला ठेवलीय?"

"हो," ते म्हणाले. "तसंच लिहिलंय."

खरंच तसं लिहिलं होतं. जपून ठेवलेल्या जुन्या गाड्यांचा विमा वेगळा असतो. गाडी रोज वापरायची नाही, या अटीवरच तो मिळतो. साहेबांनी ती इंग्रजी अट स्वतः मराठीत आणून, सुवाच्य अक्षरात लिहून पार्किंगच्या खांबावर चिकटवली होती. 'वापर फक्त प्रदर्शन, मिरवणूक व देखभालीसाठी.' याबाहेरचं काही विचारलं की मान हलवायचे आणि म्हणायचे, "कलमात बसत नाही."

माझ्या मुलीच्या लग्नात मी वरातीसाठी गाडी मागितली. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई मी. खांबावर बोट ठेवून म्हटलं, "हे काय, मिरवणूक आहे की कलमात!"

"ती गाड्यांची मिरवणूक, वहिनी. जावयांची नव्हे."

शेवटी हार घालून गाडी कार्यालयाच्या दाराशी उभी राहिली, कारण ते प्रदर्शन. नवरानवरीने तिच्या बाहेर उभं राहून फोटो काढले. जावयाने दाराला हात लावला तर साहेब म्हणाले, "आत बसलात की वापर झाला." बिचारा अजून त्यांना वचकून असतो.

रविवारी सकाळी सातला मात्र गाडी निघायची. ती देखभालीची फेरी. "देखभाल म्हणजे इंजिनाची," असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. शेजारी नसीमभाभी, त्यांच्या पत्नी, ठेवणीतली साडी नेसून बसायच्या. शनिवार पेठेपर्यंत जायचं आणि न थांबता परत यायचं. तिथे भाभींची बहीण राहते. ती गॅलरीत येऊन उभी राहायची, साहेब गाडी हळू करायचे, दोघी एकमेकींना हात हलवायच्या आणि गाडी पुढे.

"दोन मिनिटं उतरू द्या की हो," भाभी निघतानाच म्हणायच्या.

"उतरलं की भेट होते. भेट कलमात बसत नाही."

बहिणीला भेटायचं तर भाभी बसने जायच्या. हे अति झालं, असं मी एकदा फाडकन बोलले. साहेबांनी राग मानला नाही. ते विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झालेले. म्हणाले, "एकाने स्वतःच्या गाडीतून भाड्याने सामान नेलं आणि अपघात झाला. मी दावा नाकारला. नियमाने बरोबरच होतं. पण तो माझ्या टेबलासमोर रडला, वहिनी. आता मीच कलम मोडलं तर त्याला काय तोंड दाखवू?"



मग भाभींचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग भाजीतलं मीठ, मग राहतं घरच. दुपारी चार वाजले की पर्स घेऊन दाराशी उभ्या राहायच्या. "घरी चला." साहेब म्हणायचे, "घरीच आहोत, नसीम." त्या रडायच्या. रिक्षात बसवलं तर किंचाळायच्या. एकदा साहेबांनी त्यांना उभ्या गाडीतच नेऊन बसवलं, तर लगेच शांत झाल्या. पण थोड्या वेळाने म्हणाल्या, "अहो, निघू या ना." गाडी हलली नाही, आणि पुन्हा रडू फुटलं. मला वरून बघवेना.

साहेबांनी विमा कंपनीला रीतसर पत्र लिहून भाभींना रोज गाडीतून फिरवून आणायची परवानगी मागितली. उत्तर आलं, असा नेहमीचा प्रवास चालणार नाही, केल्यास विमा लागू राहणार नाही. ते मला वाचून दाखवताना त्यांचा आवाज ऑफिसातला होता.

त्या बुधवारी चार वाजता गाडीवरचं कापड निघालेलं दिसलं.

"वहिनी, मागे बसाल? हिला उतरवायला दोघं लागतील."

"उतरवायला?"

त्यांनी भाभींसाठी पुढचं दार उघडलं.

शनिवार पेठेत साहेबांनी गाडी थांबवली. इंजिनही बंद केलं. गॅलरीत कुणी नव्हतं, बुधवारी कशाला असेल? हॉर्न ऐकून बहीण बाहेर डोकावली, आणि गाडी थांबलेली बघून अनवाणीच धावत खाली आली. आम्ही भाभींना हळूच उतरवलं. बहिणीने त्यांचे दोन्ही हात धरले. भाभींनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि अदबीने विचारलं, "आपण कोण?"

मग त्यांनी वर, रिकाम्या गॅलरीकडे पाहून हात हलवला.

बहीण त्यांच्या गळ्यात पडून रडली. साहेब पाठ करून, स्वच्छ बॉनेट रुमालाने पुसत राहिले. इतकी वर्षं ते दोन मिनिटांचं मागणं मीही ऐकत आले होते.

घरी आल्यावर त्यांनी गाडीच्या खणातली वही काढली. प्रत्येक फेरी तीत लिहिलेली असते. आजची तारीख टाकली आणि 'कारण' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'देखभाल.'

मास्तरणीची खोड, विचारल्याशिवाय राहवलं नाही. "कोणाची, साहेब?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "गाडीला काही झालं तर मी दावा करणार नाही," ते म्हणाले. "पण देखभाल कोणाची, ते कलमात लिहिलेलं नाही, वहिनी."