ढोमणेकाकू आणि तीन क्वार्टरबॅक

ढोमणेकाकू फुटबॉलच्या कोचला वऱ्हाडीतून झापतात. तेही आमच्या युनिव्हर्सिटीच्या भरल्या स्टेडियममध्ये, उभं राहून. "अबे, काहून काढलं त्याले? आत्ताच तर गेला होता पोट्टा!" कोच गोरा, कानाला हेडफोन, शंभर फूट लांब. त्याला ऐकू जात नाही, हे काकूंना मान्य नाही.

आमचं लंडन म्हणजे कॅनडातलं. काकू मूळच्या नागपूरच्या. इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाल्या, आता कॉन्डोत माझ्या समोरच्या दारात एकट्या राहतात. काका गेले, मुलगा अमेय पार तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीत नोकरीला. त्यांच्या वयाच्या बायका मंदिराची मेंबरशिप घेतात, काकू सीझन तिकीट काढतात. थर्मास, ब्लँकेट आणि मी, एवढं त्यांचं मॅचचं सामान.

यंदा कोचने तीन क्वार्टरबॅक आलटूनपालटून खेळवायला घेतले. इथला फुटबॉल हातात बॉल घेऊन खेळतात; क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात आधी बॉल येतो आणि पुढे काय करायचं ते जो ठरवतो, तो. एक लांब फेकायला, दुसरा पळायला, तिसरा अगदी गोललाइनजवळ पोचल्यावर. काकूंचं ब्लडप्रेशरही त्यांच्याबरोबर आत-बाहेर करायला लागलं.

"राजे हो, विंटर टायरसुद्धा आपण वर्षातून दोनदा बदलतो. हा बाप्पा दर पाच मिनिटाले पोरगा बदलवते!"

"काकू, स्ट्रॅटेजी असते ती. समोरच्यांना अंदाज येत नाही."

"अन् त्याच्या स्वतःच्या पोरायले येते का अंदाज?"

कोचला त्यांनी तीन ईमेल पाठवले. एकाला उत्तर आलं, 'थँक यू फॉर युअर सपोर्ट.' ते मला दाखवून म्हणाल्या, "पाह्य, पटलं त्याले."

शेवटच्या होम गेमला शेवटच्या मिनिटात तिसरा आत आला. बॉल त्याच्या हातातून निसटला आणि आम्ही हरलो. आता काकूंच्या तोंडून काय निघतं म्हणून मी कानांवर हात ठेवून बसलो, तर त्या ब्लँकेटची घडी घालायला लागल्या. स्टेडियम रिकामं झालं. तो पोरगा हेल्मेट मांडीवर घेऊन बाकावर बसून होता. काकू जपून पायऱ्या उतरत थेट कठड्यापाशी गेल्या.

"नंबर ट्वेल्व्ह! हाउ मेनी टाइम्स यू प्लेड टुडे?"

"फोर, मॅम."

"टेल मी. ऑल फोर."

मला वाटलं, आता खरडपट्टी. पोरगा बिचकला, मग उठून जवळ आला आणि हातवारे करत सांगत सुटला. पहिल्यांदा हे, दुसऱ्यांदा ते. चौथ्या वेळचं सांगताना थोडा अडखळला. काकूंना त्यातलं निम्मं कळलं नसेल, पण त्या मान डोलवत शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

गाडीत बसल्यावर काकूंनी थर्मास पायाशी ठेवला. मग म्हणाल्या, "आमचा अमेयबी हायस्कूलमध्ये असाच होता. तो अन् आणखी एक पोट्टा, दोघं अदलूनबदलून क्वार्टरबॅक खेळत. मॅच दुपारची, अन् माझी ड्यूटी. एकदाबी नाही गेली मी. घरी येऊन सांगे, 'आई, आय वॉज इन फोर टाइम्स टुडे.' मी पोळ्या लाटता लाटता म्हणो, 'लागलं नाही ना? मग हात धू.'"

मी हीटर वाढवला.

"मंग सांगणंच बंद केलं त्यानं. आता फोनवर 'ऑल गुड, आई' इतकंच म्हणते."